तसबिरीतले रिकामे हात

नीळकंठराव वकिलांची जीप राजेगावच्या पांदीतून धूळ उडवत गोदाबाईच्या आंगणात येऊन थांबली, तेव्हा गोदाबाई धान पाखडत होती. तिनं जीप पाहिली, आतून उतरणारे वकील पाहिले आणि हातातलं सूप जरा जास्तच जोरानं झटकलं. सगळा कोंडा वकिलांच्या काळ्या कोटावर.

"अरे, अरे, गोदाबाई!"

"मले काय म्हनता? वाऱ्याले म्हना. वारा तिकून येऊन राह्यला."

वारा तिकडून येत नव्हता. त्या दिवशी वारा कुठूनच येत नव्हता.

या माणसाला तिनं जवळून पाहिलं होतं ते सतराअठरा वर्षांपूर्वी, अठ्ठावन सालात, बालाघाटच्या कोर्टात. तेव्हा तो तिच्या मनगटाकडे बोट दाखवून तिला भर कोर्टात दुसऱ्याची बायको म्हणत होता. आता त्याचे केस पिकले होते, पोट कोटाबाहेर आलं होतं आणि आवाजात तूप आलं होतं. मुन्शी टिकाराम मागून छत्री धरून उभा होता. ऊन नव्हतं, पण वकिलांना छत्रीखाली उभं राहायची सवय लागली होती.

"कालिंदीबाई गेल्या, ऐकलं असेल तुम्ही," नीळकंठराव म्हणाले. "जबलपूरला. हायकोर्टाच्या न्यायमूर्ती. आपल्या जिल्ह्यातून एवढ्या उंचीवर गेलेली बाई दुसरी नाही. आता हे महिला वर्ष चालू आहे. कलेक्टरसाहेबांनी विचारलं, तुमच्या बालाघाटात थोर महिला कोण? आम्ही म्हटलं, आमच्या कालिंदीबाई. वाचनालयाच्या सभागृहात त्यांचं तैलचित्र लावतोय. समितीचा अध्यक्ष मी आहे."

गोदाबाईचं सूप थांबलं.

"तुमी?"

"हौ... म्हणजे, हो. मी."

"अन् मानसं सरली का बालाघाटातले?"

टिकारामला खोकला आला. वकिलांनी त्याच्याकडे पाहिलं तसा त्यानं तो खोकला परत गिळला.

"तुम्हाला त्यांनी न्याय मिळवून दिला. म्हणून दोन शब्द तुमचे हवेत. गरीब विधवेला न्याय, असं. लोकांना बरं वाटतं."

"कोनापासून मिळवून देल्ला, तेबी सांगू?"

"ते जुनं झालं, गोदाबाई." वकिलांनी कोटावरचा कोंडा झटकला. "एकच सांगायचं होतं. ते बांगड्यांचं तेवढं काढू नका. थोर बाई. विधवा. तपस्विनीचं आयुष्य. ते बरं दिसत नाही."

गोदाबाईनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही मनगटांत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, कोंड्यानं माखलेल्या. नवरा मरून वीस वर्षं होत आली तरी तिनं त्या उतरवल्या नव्हत्या.

"येतो मी," ती म्हणाली. बाई असून गोदाबाई रागात आली की पुरुषासारखं 'येतो' म्हणायची. वकिलांना एवढं ठाऊक असतं तर त्यांनी तिथूनच आमंत्रण मागे घेतलं असतं.

*

तेजराम, गोदाबाईचा नवरा, पंचावन्न सालच्या तापात गेला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिल्या नदीकाठच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि धाकटा दीर प्रेमलाल. प्रेमलाल म्हणजे उंचापुरा, गोरागोमटा आणि कामाच्या नावानं बोंब. भावाच्या चितेची राख निवायच्या आत त्यानं भावाच्या बांध्या पावलांनी मोजल्या, असं गावातले लोक सांगत; आणि हे सांगताना त्याच्याच ओट्यावर बसून त्याच्याच तंबाखूची चिमूट लावत.

पुढल्या वर्षी नवा कायदा आला. विधवेच्या हातात नवऱ्याची जमीन असेल तर ती तिची, पुरी तिची. गावात ही बातमी आली तशी प्रेमलालला झोप लागेना. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, की कायदा यायच्या आधी विधवेनं पाट लावला असेल, म्हणजे दुसरं लग्न केलं असेल, तर पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क उडतो. झालं. प्रेमलाल गावभर सांगू लागला, की कायदा यायच्या आधीच, त्या साली होळीत, गोदाचा माझ्याशी पाट लागला. गोदाबाईच्या समाजात विधवेचा पाट लागतो, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दोन पंच बसवायचे, बाईच्या हातात नव्या बांगड्या भरायच्या, बोकड कापायचा, संपलं. बोकड प्रेमलालनं खरंच कापला होता, पण होळीचा म्हणून. तो खाऊन ढेकर दिलेले डोमाजी पंच नंतर कोर्टात म्हणाले, "हौ हुजूर, पाटाचाच होता तो बोकड. चवीवरून समजते."

आणि बांगड्या? त्या तर गोदाबाईच्या हातात होत्याच. तेजराम गेल्यावर बायकांनी त्या फोडल्या होत्या. पण पुढच्या पावसाळ्यात रोवण्याला बांधीत उतरली, चिखलात परे, धानाची रोपं, लावायला वाकली, तर स्वतःचा हात तिला ओळखूच येईना. रिकामा, पांढरट, परक्या बाईचा वाटावा असा. रोवणा झाल्यावर ती वारासिवनीच्या बाजारात गेली आणि शांताबाई कासारणीपुढं हात धरला. शांताबाईनं विचारलं, "कोनाच्या नावाच्या भरू?" गोदाबाई म्हणाली, "माह्या."

एवढीच गोष्ट. पण प्रेमलालला तेवढी पुरली. त्या दिवसापासून त्यानं तिला 'वहिनी' म्हणायचं सोडलं. आंगणात उभा राहून, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा, तो हाक मारायचा, "अवो! पानी आन वो!" जशी घरच्या बायकोला मारतात तशी. आणि गाव? गाव दात काढायचं.

प्रेमलालनं बांध्यांसाठी दावा लावला. वकील घेतला नीळकंठराव. गोदाबाईकडे एकही वकील यायला तयार नव्हता. जी यायला तयार होती तिच्याकडे एकही पक्षकार जात नव्हता. ती कालिंदीबाई.

*

कालिंदीबाई म्हणजे तहसिलातल्या गुणाकरपंतांची मुलगी. सतराव्या वर्षी विधवा झाली. गुणाकरपंतांनी तिला कोपऱ्यात बसवलं नाही, नागपूरला कायदा शिकायला धाडलं. गावानं त्यांना वेड लागल्याचं ठरवून टाकलं आणि त्यांच्या घरचं जेवण मात्र सोडलं नाही. ती काळा कोट घालून परत आली तेव्हा बालाघाटच्या वकिलांनी तिला आपल्या खोलीत खुर्ची दिली नाही. बाईमाणूस आत बसलं की आम्हाला मोकळं बोलता येत नाही, म्हणे. तिथं ते मोकळं काय बोलत हे खिडकीखालून जाणाऱ्या कुणालाही ऐकू येई. ते न बोलता जगाचं काही अडलं नसतं. कालिंदीबाई कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टाकलेल्या बाकावर बसायची, अशिलांच्या बैलांच्या शेजारी. बैल तिच्याकडे बघून हसत नसत.

तिच्या अंगावर पांढरं लुगडं आणि मनगटं रिकामी. ब्राह्मणाघरची विधवा, बांगडीचं नाव काढायची सोय नव्हती.

सुनावणीच्या दिवशी सकाळी गोदाबाई तिच्या बाकापाशी आली, तर ती म्हणाली, "गोदाबाई, बांगड्या कुठं चांगल्या मिळतात?"

"कोनाले पायजेत?"

"मला."

गोदाबाईला वाटलं, वकिलीण भीतीनं बावरली. "अवो बाई, तुमाले कोन भरून देईन? लोक फाडून खातीन."

"लोक आजही काही पेढे देत नाहीत," कालिंदीबाई म्हणाली. "चला."

बालाघाटच्या बाजारातला कासार कुणी पाहतंय का म्हणून सारखा रस्त्याकडे बघत होता. दोन बांगड्या त्यानं भरता भरता फोडल्या. कालिंदीबाईच्या हाताला रक्त आलं. तिनं ते पदरानं पुसलं आणि दुसरा हात पुढे केला.

कोर्टात नीळकंठराव त्या दिवशी फार रंगात होते. तरुण होते, सडपातळ होते, खाकरून बोलत. "हुजूर," ते म्हणाले, "साक्षीदार खोटं बोलेल. पंच विसरेल. पण विधवेच्या हातातला हिरवा चुडा खोटं बोलत नाही. ही बाई पाहा. हिचे हात पाहा. ज्याच्या नावानं हा चुडा भरला तो प्रेमलाल इथं उभा आहे."

लोक हसले. प्रेमलालनं मिशीवर हात फिरवला. गोदाबाईनं हात पदराखाली घेतले, आणि त्या क्षणाचा राग तिला स्वतःचाच पुढं जन्मभर येत राहिला.

कालिंदीबाई उठली. कोटाची बाही तिनं कोपरापर्यंत सारली.

"हुजूर, मी सतराव्या वर्षी विधवा झाले हे या शहरातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. माझ्या विद्वान मित्रांच्या घराला जरा जास्तच. त्यांच्या मातोश्रींनी मला हळदीकुंकवातून उठवलं होतं. आज माझ्या हातात या बांगड्या आहेत. मी स्वतः जाऊन भरल्या. पण वकीलसाहेबांच्या म्हणण्याप्रमाणं चुडा खोटं बोलत नाही, म्हणजे माझाही पाट लागलाय. तर माझा नवरदेव कोण, तेवढं त्यांनी कोर्टाला सांगावं. मला घरी जाऊन त्याच्या जेवणाचं बघावं लागेल."

न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा सगळं कोर्ट फुटलं. नीळकंठरावांनी कागद चाळायला घेतले. डोमाजी पंचांना पुढं कालिंदीबाईनं फक्त एवढंच विचारलं, की पाटाचा बोकड होळीच्या बोकडापेक्षा कसा वेगळा लागतो. डोमाजींनी थोडा विचार केला आणि पाणी मागितलं.

बांध्या गोदाबाईच्या झाल्या.

त्याची किंमत कालिंदीबाईनं भरली. तिच्या आत्यानं तिच्या हातचं पाणी सोडलं. वकिलांच्या खोलीत तिला 'बांगडी वकील' म्हणू लागले. ते नाव ज्यानं शोधलं त्याला त्या दिवशी चहा पाजला गेला, आणि तो नीळकंठरावांनीच प्यायला. वर्षभरात ती जबलपूरला निघून गेली. तिथं मोठी झाली, हायकोर्टाच्या खुर्चीवर बसली. बालाघाटात कुणी पेढा वाटला नाही. एकदा ती गोंदियाला जाताना मोटार थांबवून राजेगावात उतरली. गोदाबाईनं वासाच्या चिन्नोर तांदळाचा भात रांधला. दोघी ओट्यावर बसून जेवल्या आणि एकमेकींचे हात पाहून हसल्या.

"अजून आहेत?" कालिंदीबाईनं विचारलं.

"फुटल्या तं नव्या आनते. अन् तुमच्या?"

"लिहिताना वाजतात. समोरचे वकील चुकतात मग."

पण गोदाबाईनं तिला एक गोष्ट सांगितली नाही. बांध्या मिळाल्या, नाव मिळालं नव्हतं. प्रेमलाल अजून गावात सांगत फिरे, "वकिलीणीनं नाटक करून जमीन नेली. पन बाई माहीच. पाट तं झालताच." लग्नकार्यात बायका तिला तेजरामची विधवा म्हणून बोलवायच्या की प्रेमलालची पाटाची म्हणून, यावर कुजबुजायच्या आणि शेवटी बोलवायच्याच नाहीत. बांधावरून जाताना प्रेमलालची हाक अजून यायची, म्हाताऱ्या, फाटक्या आवाजात, "अवो!" तिनं कधी वळून पाहिलं नाही. पण ऐकू यायचं.

*

समारंभाच्या दिवशी गोदाबाई सकाळच्या बसनं बालाघाटला गेली. वाचनालयाच्या मागच्या पडवीत तसबीर झाकायच्या आधी ठेवली होती, आणि तिच्यापुढं बाबूलाल पेंटर बोटं चोळत उभा होता. सिनेमाच्या पाट्या रंगवणारा माणूस. न्यायमूर्तीच्या चेहऱ्यावर थोडी नटीची लाली आलीच होती. पण बाई ओळखू येत होती. काळा झगा, हातात पुस्तक, आणि मनगटं...

मनगटं रिकामी.

"हे काय केलं रे?" गोदाबाई म्हणाली.

बाबूलाल इकडंतिकडं बघत हळू आवाजात बोलला. "काकी, मेरेको जबलपूरहून फोटू आलता, त्यात बांगड्या होत्या. म्या काढल्या होत्या, मस्त हिरव्या. तो वाळून कडक झालता रंग. परवा वकीलसाब आले, म्हणे विधवा आहे, पुसून टाक. म्या वरून हाताचा रंग मारला. अजून ओलाच आहे. हात नका लावू."

"तुह्या तोंडाले काही बिमारी झालती का, नाही म्हनायले?"

"काकी, पोटाचा सवाल आहे."

"पोट तं नदीतल्या मगरीलेबी हाय," गोदाबाई म्हणाली आणि पुढं झाली.

सभागृह भरलं होतं. राजेगावची मंडळी समितीनं ट्रकनं आणली होती, आणि ती भाषणं होईपर्यंत बसावीत म्हणून आधीच द्रोणातून बूंदी वाटली होती. दुसऱ्या रांगेत प्रेमलाल होता. दात उरले नव्हते, तो बूंदी हिरड्यांनी दाबत होता.

मग भाषणं झाली. ज्यांनी तिला खुर्ची दिली नव्हती त्यांनी एकामागून एक सांगितलं, की कालिंदीताई आमच्यात कशा बसत उठत. ताई! एकाला तिच्याबरोबर घेतलेला चहा आठवला. एकानं तर तिला राखी बांधायला लावली, मेल्यावर. नीळकंठरावांचं भाषण सगळ्यांत लांब. "त्या तपस्विनी होत्या," ते म्हणाले, "वैराग्याची मूर्ती. आणि मला सांगायला अभिमान वाटतो, की त्यांच्या सुरुवातीच्या काळात मी त्यांना प्रोत्साहन दिलं." त्यांचे डोळे पाणावले. आवाज भरून आला. कुठल्या कोर्टात या माणसानं एवढी चांगली वकिली केली नव्हती.

कलेक्टरसाहेब उत्तरेकडचे, तरुण, मराठी जेमतेम. ते मधून मधून मान हलवत होते. पडदा सारला, टाळ्या झाल्या, आणि गोदाबाईच्या हातात झेंडूचा हार दिला गेला. तसबिरीला हार घालायचा, दोन शब्द बोलायचे, खाली उतरायचं.

गोदाबाई तसबिरीपाशी गेली. हार तिनं खुर्चीवर ठेवला. पांढऱ्या लुगड्याचा पदर बोटाभोवती गुंडाळला आणि न्यायमूर्तींच्या मनगटावर दाबून फिरवला, घरातल्या लेकराच्या हाताची माती पुसावी तसा. अंगाचा रंग पदरावर आला. खालून हिरव्या दोन रेघा निघाल्या, मग तिसरी.

"अहो, अहो! गोदाबाई! तैलचित्र आहे ते!" नीळकंठराव धावले.

"वकीलसाब, तुमीच म्हनलं होतं का नाही, कोर्टात?" ती मायकापाशी आली. तिला मायकात बोलायचं कसं ते ठाऊक नव्हतं, पण तिच्या आवाजाला मायकाची गरजच नव्हती. "चुडा खोटं बोलत नाही म्हनून. मंग पुसून काहून टाकला? हे बाई बांगड्या भरून उभी राह्यली, म्हनून मी हाय. तिचे हात रिकामे दाखवले तं माही केस खोटी होते. गाव अजून म्हन्ते, माहा पाट झालता. आता तुमी सांगा. बाई थोर होती म्हन्ता. तिनं जितली ते केस खरी का खोटी? पाट झालता, का नव्हता?"

बूंदी दाबायचा आवाजसुद्धा थांबला.

"बाद में बात करेंगे," नीळकंठराव हसत म्हणाले. "भावूक झाल्या आहेत त्या. खेड्यातली बाई..."

कलेक्टरसाहेब पुढं झुकले. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. "वकीलसाहब, ये पाट क्या होता है?"

"सर, वो... विधवा का पुनर्विवाह, सर."

"अच्छा. तो इनका हुआ था या नहीं?"

नीळकंठरावांनी तसबिरीकडे पाहिलं, समोर वही उघडून बसलेल्या वार्ताहराकडे पाहिलं, प्रेमलालकडे पाहिलं. झाला होता म्हणावं, तर आत्ताच ज्या न्यायमूर्तीसाठी डोळे पाणावले तिनं खोटी केस जिंकली. नव्हता म्हणावं, तर स्वतः काय केलं होतं? माणसाच्या तोंडावर घाम कसा सुटतो हे राजेगावच्या लोकांनी फुकटात पाहिलं.

"नहीं हुआ था, सर."

"मराठीत सांगा," गोदाबाई म्हणाली. "तिकडं प्रेमलाल बसून हाय. त्याले समजलं पायजे."

"पाट..." वकिलांनी गळा साफ केला. "पाट झाला नव्हता."

मायकातून ते सभागृहाबाहेरच्या पानठेल्यापर्यंत गेलं.

गोदाबाईनं हार उचलला, तसबिरीला घातला, नीट केला. हार मनगटांवर येऊ नये म्हणून दोरा जरा आखूड बांधला. ती खाली उतरत होती तेव्हा नीळकंठराव दातओठ खात जवळ आले.

"भरसभेत मला बांगड्या भरल्या तुम्ही."

गोदाबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तुमाले? नाही बापा. बांगड्याले मनगट लागते. तुमच्यासाठी ते कुठून आनू?"

समितीनं पुढं दोन बैठका घेतल्या. बांगड्या पुन्हा झाकाव्यात, तर कलेक्टरांनी पाहिल्या होत्या. ठेवाव्यात, तर समितीच्या घरच्या बायका हसत होत्या. काहीच ठरलं नाही. त्यामुळं तसबीर तशीच राहिली, एका हातात पुसट हिरव्या रेघा, दुसरा हात रिकामा. बाबूलालचे पैसेही समितीनं याच कारणावरून अडवून ठेवले.

परतीचा ट्रक समितीनं पाठवलाच नाही. राजेगावची मंडळी संध्याकाळच्या बसमध्ये कोंबून बसली. गोदाबाई खिडकीपाशी होती, पदरावर अंगाच्या रंगाचा डाग. रुख्माबाईनं, जिनं मागच्या उन्हाळ्यात लेकीच्या लग्नाला तिला बोलावलं नव्हतं, सरकून तिला जरा जास्त जागा दिली. गोदाबाईनं ती जागा घेतली नाही.

राजेगाव जवळ आलं. मागच्या बाकावरून कुणीतरी खाकरलं.

"वहिनी," प्रेमलाल म्हणाला. "नदीवरचं पानी कधी सोडतेस बांधीत?"

एवढ्या वर्षांनी तो शब्द त्याच्या दात नसलेल्या तोंडातून अर्धा हवाच होऊन बाहेर आला. बसमधल्या बायकांनी माना वळवल्या. गोदाबाईनं मान वळवली नाही.

"तिकडं सरक," ती म्हणाली. "बूंदीचा वास येऊन राह्यला."